नॅनोरोबोटने कॅन्सर बरा होतो का? आईसाठी विचारतेय

वृंदा_नौपाडा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आई ६४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या सहा सायकल. केस गेले, परत आले ते कुरळे आले, त्याचं तिला कोण अप्रूप! चौदा महिने छान गेले. गेल्या महिन्यात सीए-१२५ (रक्तात बघतात तो कॅन्सरचा आकडा) वाढलं, सीटी केला तर पोटात पुन्हा गाठी. डॉक्टर म्हणतात परत केमो.

परवा मामा एक पत्रक घेऊन आले. नवी मुंबईतल्या एका सेंटरचं आहे, नाव इथे लिहीत नाही. "रक्तात सोडलेले सूक्ष्म नॅनोरोबोट कॅन्सरच्या पेशी शोधून मारतात. केमो नाही, केस गळत नाहीत." चार बैठका, साडेचार लाख, निम्मे आगाऊ. मामा एफडी मोडायला निघालेत. आई रात्री माझा हात धरून म्हणाली, "परत ती केमो नको गं."

हे खरंच असतं का? कुणी घेतलंय का? मंगळवारी आमच्या डॉक्टरांची वेळ आहे, त्याच्या आत मामांना काहीतरी उत्तर द्यायचंय.

ऐरोलीकर

आधी एकच सांगतो, आगाऊ पैसे भरू नका. बाकीचं जाणकार सांगतील.

रबाळे_शिफ्ट

वृंदाताई, मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत क्वालिटीला होतो, अकरा वर्षं. त्यातली चार लायपोसोमच्या लाइनवर. म्हणून थोडं लांबण लावतो.

माणसाच्या रक्तात फिरून, स्वतः गाठ शोधून, ती मारून येणारा रोबोट आज कुठल्याही हॉस्पिटलमध्ये पेशंटला मिळत नाही. भारतात नाही, अमेरिकेतही नाही. प्रयोगशाळेत उंदरांवर चांगली कामं झालीत, पण तिथून पलंगापर्यंतचा रस्ता लांब आहे. त्यामुळे पत्रकात लिहिलंय ते खोटं आहे, असं मी सरळ म्हणतो.

पण 'नॅनो' औषध मात्र खरं आहे आणि जुनं आहे. लायपोसोम म्हणजे चरबीचा इवलासा फुगा, ८० ते १०० नॅनोमीटरचा. केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर धरा, म्हणजे केसाच्या रुंदीत असे हजारभर फुगे ओळीने बसतील. फुग्याच्या आत औषध भरलेलं. आम्ही सोयाबीनपासून काढलेलं फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल घेऊन ते १०० नॅनोमीटर भोकांच्या पडद्यातून दाबाने पुन्हा पुन्हा गाळायचो. प्रत्येक बॅचचा साइज लेझरने बघायचा. साइज जरा वर गेला की आख्खी बॅच बाद, रात्रभराची मेहनत ड्रममध्ये. तेव्हा राग यायचा. पण तो फुगा मोठा झाला तर लिव्हर आणि प्लीहा त्याला वाटेतच उचलतात, मग पेशंटच्या गाठीपर्यंत पोचणार काय?

कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, भिंतींना फटी असतात. निरोगी वाहिनीतून हा फुगा सहसा बाहेर पडत नाही, गाठीतल्या फटीतून झिरपतो. असं पहिलं औषध, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे फुग्यात भरलेलं केमोचंच औषध, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. तुमच्या आईंच्या आजारातही ते वापरतात. मंगळवारी डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

सानिकाची_आई

किती छान समजावलंत! माझी लेक शेजारी बसून ऐकत होती, आठ वर्षांची आहे. तिचा प्रश्न : "रोबोट आत गेला, काम झालं, मग बाहेर कसा येणार?"

रबाळे_शिफ्ट

सानिकाला शाबासकी द्या, मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नावर अडतात. साधारण सहा नॅनोमीटरहून लहान कण किडनी गाळून लघवीवाटे टाकते. त्याहून मोठे बहुतेक लिव्हरकडे जातात. लायपोसोम चरबीचाच असल्यामुळे शरीरात मोडून जातो. धातूचा रोबोट केला तर तो कुठे राहतो, किती दिवस राहतो, हे आधी दाखवावं लागतं, त्याशिवाय माणसात घालायची परवानगी कोण देणार?

पारसिक_बोगदा

लायपोसोम म्हटलं की मला मे २०२१ आठवतो. काका कोविडमधून उठले आणि डोळ्याखाली सूज आली. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. डॉक्टरांनी लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी लिहून दिलं. वजनाप्रमाणे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल, रोज! मी आणि चुलतभाऊ स्कूटरवरून ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कल्याण. मेडिकलवाल्यांनी नुसती मान हलवायची. साधं अॅम्फोटेरिसिन एका ठिकाणी मिळत होतं, पण काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच वाढलेलं, त्यांची किडनी गेली असती. तेच औषध, पण चरबीच्या फुग्यात घातलं की किडनीला खूप कमी त्रास. तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त चिठ्ठीवरचा 'लायपोसोमल' हा शब्द पाठ झाला होता.

काका वाचले. डावा डोळा गेला. आजही सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात.

घोडबंदर_१७वा_मजला

सगळा आदर ठेवून सांगतो, तुम्ही सगळे फार मागे ओढताय. लायपोसोम हा नुसता फुगा आहे, त्याला ना डोळे ना डोकं. मी खऱ्या रोबोटबद्दल बोलतोय. २०१८ मध्ये अॅरिझोना आणि चीनच्या शास्त्रज्ञांनी डीएनएची घडी घालून नळी केली. आत थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. नळीच्या कडेला डीएनएचीच कुलपं. गाठीच्या रक्तवाहिन्यांवर न्यूक्लिओलिन नावाचं प्रथिन सापडलं की कुलूप उघडतं, थ्रॉम्बिन बाहेर येतं आणि गाठीचा रक्तपुरवठा तिथेच बंद. उंदरांत गाठी आक्रसल्या. ओळखलं, ठरवलं, केलं. याला रोबोट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

२०२४ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने तर उंदरांच्या मूत्राशयातला ट्यूमर एका डोसमध्ये जवळपास ९० टक्के लहान केला. त्यांच्या कणांवर युरीएज हे एन्झाइम होतं. लघवीतला युरिया हेच इंधन, त्यावर कण स्वतः पोहत गेले. हे पेशंटला सांगायलाच नको का?

निवृत्त_मास्तर

घोडबंदर, सांगायला हवंच, आणि तुम्ही नीट सांगितलंत. मी ठाण्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. हे सगळं कठीण का आहे ते सांगतो, म्हणजे पत्रकवाले किती सहज बोलतात ते कळेल.

२९ डिसेंबर १९५९ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठात व्याख्यान दिलं. आपल्या मित्राची, अल्बर्ट हिब्ज यांची, एक कल्पना त्यांनी त्यात मांडली : सर्जन गिळून टाकता आला तर? यंत्र रक्तवाहिनीत सोडायचं, ते हृदयात जाऊन बिघडलेली झडप दुरुस्त करणार. इतकी वर्षं आपण त्या वाक्यामागे धावतोय.

अडचण पाण्याची आहे. आपण तलावात पोहतो तेव्हा एक हात मारला की थोडं पुढे घसरत जातो. जिवाणूएवढ्या आकाराला पाणी मधासारखं घट्ट वाटतं. १९७७ साली पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला : पोहणारा जिवाणू शेपूट थांबवताच अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात थांबतो. घसरणं नाहीच. शिंपला सावकाश उघडून झटकन मिटतो आणि पुढे सरकतो, पण त्या आकाराला सावकाश आणि झटकन यात फरकच उरत नाही. उघडताना जितकं मागे, मिटताना तितकंच पुढे. म्हणून जिवाणू मळसूत्रासारखी शेपूट फिरवतात, आणि म्हणून शास्त्रज्ञही मळसूत्री रोबोट करून बाहेरून चुंबकाने फिरवतात.

हे झालं स्थिर पाण्यात. रक्त वाहतं, त्यात तांबड्या पेशींची दाटी असते आणि एकेक पेशी ७-८ हजार नॅनोमीटरची. सकाळी पावणेनऊला ठाणे स्टेशनच्या पुलावर एखाद्या मुंगीला विशिष्ट माणसाच्या बुटावर चढायला सांगा.

दंतकथा

मास्तरांच्या मळसूत्राला दाताकडून पुस्ती. मी डेंटिस्ट, वाशीत प्रॅक्टिस आहे.

रूट कॅनाल केलेला दात कधीकधी पुन्हा दुखतो. पेशंट आमच्यावर चिडतो. कारण असं की दाताच्या आत हजारो बारीक नळ्या असतात आणि जिवाणू त्यांत खोल लपतात. आमची औषधं, आमच्या सुया तिथवर पुरत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) संशोधकांनी २०२२ मध्ये सिलिकाचे मळसूत्री नॅनोरोबोट, वर लोखंडाचा थर, असे बनवून चुंबकाने त्या नळ्यांत दोन मिलिमीटरपर्यंत आत नेले. तिथे पोचल्यावर चुंबकीय क्षेत्र बदलून त्यांना तापवायचं, जिवाणू मरतात, मग रोबोट परत बाहेर काढायचे. काढलेल्या दातांवर हे दाखवलं आहे.

माझा अंदाज सांगतो, नॅनोरोबोट सगळ्यात आधी रक्तात नाही, तोंडात येईल. दात एका जागी असतो, तिथे रक्ताचा लोंढा नसतो आणि चुंबक गालाजवळ धरता येतो. मूत्राशयाचंही तसंच, बंद पिशवी, आत नळी घालता येते. घोडबंदरनी दिलेलं उदाहरण नेमकं त्याच जागेचं आहे बघा.

घोडबंदर_१७वा_मजला

हे पटलं. बंद पिशवीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

रबाळे_शिफ्ट

रक्तातून गाठीपर्यंत किती पोचतं त्याचा आकडाही आहे. २०१६ मध्ये कॅनडाच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेला वाटा, मध्यक धरला तर, ०.७ टक्के. दर्यात खसखस! बाकीचे लिव्हर, प्लीहा आणि इतर ठिकाणी. तो पेपर आला तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. काहींना वाटलं आपलं काम फुकट. माझे मॅनेजर म्हणाले, फुग्यामुळे हृदय वाचतंय ना, मग फुकट कसं? साध्या डॉक्सोरुबिसिनचा हृदयाला मोठा धोका, फुग्यातल्याचा बराच कमी. गाठीपर्यंत नेण्याइतकंच हृदयापासून लांब ठेवणं हेही त्या फुग्याचं काम आहे.

कोपरखैरणे_काका

मी इथे क्वचित लिहितो. वृंदा, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील.

पाच वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचा ब्रेस्टचा कॅन्सर परत आला तेव्हा आम्हीही असंच एक सेंटर गाठलं. तेव्हा शब्द नॅनो नव्हता, सेल थेरपी होता. दीड लाख भरले. पांढरी सलाईन लावायचे, वर नीळसर दिवा. तिला बरं वाटायचं, कारण सलाईनमुळे दोन दिवस तरतरी यायची. त्यात सव्वादोन महिने गेले. पैशाचं मला काही नाही. परत मूळ डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते ओरडले नाहीत, फाइल बघत नुसते गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून ऐकू येतं.

मामांवर रागावू नकोस. मीच तो मामा होतो. माणूस जीव तुटतो म्हणून एफडी मोडतो.

वृंदा_नौपाडा

काका, काय लिहू कळत नाही. हे मामांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

ऐरोलीकर

मामांच्या हातात तपासायला काहीतरी द्या, म्हणजे नुसतं "नको" ऐकावं लागणार नाही. माझी बायको क्लिनिकल रिसर्चमध्ये आहे, तिने सांगितलेलं टाइप करतोय.

नवीन उपचार खरोखर चालू असेल तर तो ट्रायल, म्हणजे माणसांवरची चाचणी असणार. भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. कुणीही घरबसल्या शोधू शकतं. सेंटरला नोंदणी क्रमांक विचारा, एथिक्स कमिटी कुठली ते विचारा, संमतिपत्र घरी वाचायला मागा. आणि मुख्य म्हणजे ट्रायलमधलं औषध पेशंटला विकत घ्यावं लागत नाही. साडेचार लाख मागितले तिथेच उत्तर मिळालं. शिवाय कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. ते पत्रक फाडू नका, जपून ठेवा, एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करता येते.

सीवूड्स_संध्या

कुणी रागावू नका, पण मला यातलं काहीच उत्साहाचं वाटत नाही. आमच्या कामवाल्या मावशींना छातीत गाठ लागून वर्ष झालं तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. लाजेने आणि दिवसाचा पगार जाईल म्हणून. त्यांना नॅनो काय आणि रोबोट काय? तपासणी वेळेवर झाली असती तर साधं ऑपरेशन पुरलं असतं. पैसा तिथे लागायला हवा.

निवृत्त_मास्तर

संध्याताई, मावशी आता कशा आहेत?

सीवूड्स_संध्या

केमो चालू आहे. परळला जातात, हार्बरने, सोबत त्यांची सून. मी सोमवारी त्यांच्या मुलांना जेवायला वाढते.

सिस्टर_खारघर

नाइट करून आलेय, सगळं एका दमात वाचलं. डे केअरला केमो देणारी नर्स आहे, चौदा वर्षं झाली.

संध्याताई, तुमचं खरं आहे, उशिरा आलेले पेशंट रोज बघते. पण हे 'किंवा' नाही हो. आमच्याच खारघरमध्ये अॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून देशातली पहिली कार-टी उपचारपद्धत उभी केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, परत सोडायच्या. परदेशात ज्याला कोट्यवधी लागतात ते इथे त्याच्या एका छोट्या अंशात. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरला आणि लिम्फोमाला आहे, वृंदाताईंच्या आईंच्या आजाराला नाही, हेही सांगते. मला विचाराल तर शरीरात फिरून शत्रू शोधणारा सगळ्यात हुशार रोबोट म्हणजे आपलीच पेशी. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी "हे भारतात होणार नाही" म्हणून सोडून दिलं असतं तर?

आता वृंदाताई, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन दिलं तर काय होतं ते सांगते, कारण घाबरतात ते न कळल्यामुळे. पिशवी लालसर असते, नारिंगीकडे झुकणारी. पहिल्यांदा अगदी हळू सोडतो. पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छातीत दडपल्यासारखं, पाठ दुखणं असं झालं तर लगेच सांगायचं, आम्ही थांबवतो आणि मग बहुतेकांना हळूहळू परत चालू करता येतं. केस सहसा फार जात नाहीत. त्रास होतो तो तळहात-तळपायांना. फुगे रक्तात पुष्कळ दिवस फिरतात आणि जिथे दाब-घर्षण पडतं तिथे झिरपतात. त्वचा लाल, चुरचुरते, सोलते. म्हणून औषधानंतरचे काही दिवस कढत पाणी नको, घट्ट चपला नकोत, धुणं पिळणं नको, पोळ्या लाटणं नको. मलम डॉक्टर देतील. आमच्या एका आजींना लाटणं खाली ठेवायला सांगणं हे केमो देण्यापेक्षा अवघड गेलं होतं.

सानिकाची_आई

माझी आईसुद्धा लाटणं सोडणार नाही.

वृंदा_नौपाडा

मंगळवारी जाऊन आलो. मामा स्वतःहून आले. त्यांनी सेंटरला फोन करून सीटीआरआय नंबर मागितला होता. बाई म्हणाली, "सर, आमची टेक्नॉलॉजी पेटंट आहे, नोंदणी लागत नाही." मामांनी फोन ठेवला. पत्रक ऐरोलीकरांनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलंय.

डॉक्टरांना मी रबाळेदादांनी दिलेलं नाव विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मी तेच लिहिणार होतो." कार्बोप्लॅटिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, दर २८ दिवसांनी. पहिल्या केमोनंतर सहा महिन्यांहून जास्त काळ गेला म्हणून कार्बोप्लॅटिन पुन्हा उपयोगी पडण्याची आशा चांगली आहे म्हणे. आजार मुळापासून जाईल असं ते म्हणाले नाहीत. काही काळ मागे रेटू, तो काळ चांगला जाईल असं बघू, म्हणाले.

आईने एकच विचारलं, "केस?" ते म्हणाले, बहुतेक राहतील.

रबाळे_शिफ्ट

वृंदाताई, पिशवीवरच्या लेबलाचा बॅच नंबर बघाल तेव्हा माझी आठवण काढा. मी आता त्या लाइनवर नाही, पण कुणीतरी रात्रपाळीला लेझरखाली साइज बघूनच ती बॅच सोडलेली असते.

घोडबंदर_१७वा_मजला

काकूंना नमस्कार सांगा. माझं मत बदललेलं नाही, रोबोट येणार. पण तो आला की इथे आधी नोंदणी क्रमांक टाकेन, मग बातमी.

कोपरखैरणे_काका

केमोच्या दिवशी सोबत माणूस लागला तर सांग. मी रिकामाच असतो, ट्रान्स-हार्बरने अर्ध्या तासात ठाण्यात.

वृंदा_नौपाडा

काल पहिली सायकल झाली. काका खरंच आले होते, बाहेर बाकावर मामांच्या शेजारी बसले होते. दोघं गप्पा कमी आणि चहा जास्त, चार वाजेपर्यंत.

पिशवी सिस्टरनी सांगितली तशीच, रूहअफजा पातळ केल्यासारखी. पहिली पंधरा मिनिटं मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ती पिशवीकडे. काही झालं नाही. मी तिला फुग्यांचं सगळं सांगितलं, केसाच्या रुंदीत हजार बसतात ते. ती थोडा वेळ थेंब मोजत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लहानांना रस्ता कोण दाखवतं गं?"

मी म्हटलं, कुणी नाही, ते वाहत जातात आणि फट सापडली की शिरतात.

आज सकाळी उठले तर ती स्वयंपाकघरात. जुनी मऊ स्लिपर पायात, पाणी नळाचं गार, आणि पोळ्या मामा लाटत होते. एकही गोल नव्हती.